बूटअक्का

मैत्रेयी आणि ईशान,

दिवाळीत फोनवर मैत्रेयी मला एका कादंबरीबद्दल सांगत होती. तिच्यातली मुलगी केस कापते, पुरुषाचे कपडे घालते आणि घोड्यावर बसून शत्रूच्या मुलखातून निरोप पोहोचवते. "आजी, असं खरंच कुणी केलं असेल का?" असं तू विचारलंस आणि मी विषय बदलला. आजीला नीट ऐकू आलं नाही असं तुला वाटलं असेल. मला ऐकू आलं होतं आणि उत्तरही माहीत होतं. पण एका घरातलं शेवटचं माणूस जिवंत असेपर्यंत ही गोष्ट कुणाला सांगायची नाही असा शब्द मी दिला होता. ते माणूस गेल्या महिन्यात वारलं. घराला कुलूप लागलं असं पत्र आलं. म्हणून आता लिहिते आहे. क्रमाने लिहीन, आणि जिथे नक्की आठवत नाही तिथे तसं सांगेन. या गोष्टीत घोडा नाही. सगळं पायी आहे.

लातूरच्या मुलींच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायला रुजू झाले तेव्हा पंचवीस वर्षांची होते. पहिल्या दिवशी फाटकाशी उभ्या असलेल्या शिपाईबाईंचे मला आधी पाय दिसले. अंगावर नऊवारी लुगडं, कपाळावर विभूतीच्या तीन रेघा, गळ्यात दोऱ्यात ओवलेली चांदीची डबी, तिच्यात लिंग. आणि पायात पुरुषांचे पांढरे कॅनव्हासचे बूट. उन्हाळ्यातही बूट, पावसातही बूट. शाळेच्या सत्यनारायणाला सगळ्या चपला बाहेर काढून आत बसल्या, तर या बाई बाहेरच, बुटांसकट, चपलांची राखण करत बसल्या. दर शनिवारी वर्गावर्गातले खडूचे तुकडे गोळा करून पाण्यात कालवायच्या आणि बूट पांढरे करायच्या. मुली त्यांना बूटअक्का म्हणत. तोंडावर फक्त अक्का.

अक्का कुणाला पाया पडू देत नसत. दहावीच्या मुलींचा निरोप समारंभ झाला की मुली रांगेने शिक्षकांच्या पाया पडत आणि मग अक्कांकडे वळत. तोवर अक्कांनी स्टुलावर मांडी घालून पाय लुगड्यात लपवलेले असत. "हात जोडा. तेवढंच लई झालं," असं म्हणायच्या. एका वर्षी एका अवखळ मुलीने मागून येऊन त्यांच्या बुटांना हात लावला. अक्का रागावल्या नाहीत. उठून पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसल्या. त्या दिवशी मधल्या सुट्टीची घंटा चार मिनिटं उशिरा झाली. माझ्या तिथल्या सगळ्या वर्षांत घंटा चुकली ती तेवढीच.

घंटा म्हणजे आंब्याच्या फांदीला टांगलेला रुळाचा तुकडा. त्यावर अक्का हातोडी मारत. माझ्या मनगटावर वडिलांनी बी.ए. झाल्यावर दिलेलं घड्याळ होतं आणि मला त्याचा अभिमान होता. मी घड्याळाकडे बघते आहे असं दिसलं की त्या म्हणायच्या, "बाई, तुमचं घड्याळ लई शिकलेलं हाय, पण माझ्या घंटेच्या मागंच चालून राहिलंय." मी पाच वर्गांची हजेरी पाच रंगांच्या शाईने ठेवत असे, त्यावरूनही मला टोमणे बसत. पण वक्तशीर माणसाला वक्तशीर माणूस सापडला की मैत्री व्हायला वेळ लागत नाही. रविवारी दुपारी त्या माझ्या खोलीवर येत, जमिनीवर बसत, बुटांसकट, आणि मी पेपर वाचून दाखवत असे.

त्यांची एक सवय मला फार आवडायची. एका घराच्या दारात त्या दिवसातून दुसऱ्यांदा जात नसत. एकदा माझ्याकडे छत्री विसरल्या आणि फाटकापाशी पोहोचल्यावर पाऊस सुरू झाला. मी खिडकीतून हाक मारली. त्या वळल्यासुद्धा नाहीत, भिजत गेल्या. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाल्या, "एका दारात एकदाच, बाई." मला वाटलं, हा गरीब माणसाचा मान असेल. इंग्रजी पुस्तकं वाचून मला माणसांच्या वागण्याचे अर्थ लावायची घाई झालेली होती.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. तो तुम्हाला कसा सांगू? ईशान, तू एकदा माझ्याकडे राहायला आला होतास आणि नळ दोन दिवस आला नाही म्हणून घाबरला होतास. त्या वर्षी शाळेची विहीर माघातच तळाला गेली. अक्का दोर बांधून खाली उतरत आणि वाटीने पाणी भरत. वर्गात चाळीस मुली होत्या, त्यांच्या सतरा झाल्या. बाकीच्या आईबापांबरोबर खडी फोडायला गेल्या. सरकारी सुकडी, म्हणजे भाजलेलं गोड पीठ, मिळे, ती मुली ओंजळीत धरून घरी नेत, वाटेत खात नसत. गावाबाहेर मेलेल्या जनावरांचा वास वाऱ्यावर येई आणि आम्ही खिडक्या लावून व्याकरण शिकवत असू.

मुली कमी झाल्या तेव्हा एक शिपाई कमी करायचं ठरलं. अक्का चौदा वर्षं हंगामी होत्या. संस्थेच्या सचिवांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की निजामी अमलाविरुद्ध काम केलेल्यांना सरकार सन्मानपत्र देतं आहे, आणि ते ज्याच्याकडे असेल त्याला काढता येणार नाही. अक्कांनी तेव्हा काहीतरी केलं होतं असं कानावर आहे, तुम्ही विचारून बघा. मी एक कोरी वही घेतली, रेघा आखल्या आणि रविवारी अक्कांना विचारलं.

त्यांनी सांगितलं ते असं. माहेर उदगीरकडचं, सासर धर्माबादचं. दोन्ही घरं लिंगायत वाण्यांची. नवरा लग्नाच्या दुसऱ्या वर्षी निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात गेला आणि तिथेच तापाने वारला. तो निरोप आणि काडतुसं पोहोचवत असे, ती कामं करायला कुणी उरलं नव्हतं. पुरुष दिसला की नाक्यावर झडती, मारहाण. फक्त जंगम फिरू शकत होते. जंगम म्हणजे आमच्याकडच्या लिंगायतांचे स्वामी. भगवी कफनी, झोळी, हातात घंटा, गावोगाव भिक्षा मागणारे. अक्कांच्या सासऱ्यांनी एका सकाळी परसात बसवून आपल्या हातांनी सुनेचे केस कापले. कापताना ते रडत होते आणि ती हसत होती, कारण मानेला गुदगुल्या होत होत्या. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

घरी लहानपणापासून स्वामी येत, त्यामुळे ते दारात कसे उभे राहतात, झोळी कशी पुढे करतात, कसे वळतात हे सगळं तिला पाठ होतं. अडचण आवाजाची होती. म्हणून ती मौनी स्वामी झाली. उमरीच्या एका कासाराने घंटेची मूठ आतून पोकळ करून दिली. मुठीत चिठ्ठ्या, झोळीत जोंधळ्याच्या पिठाखाली काडतुसं. धर्माबाद, उमरी, हदगाव आणि तिथून पैनगंगेपर्यंत. नदी ओलांडली की निजामाचं राज्य संपे. एका नाक्यावर पहारेकऱ्याला संशय आला. मौनी आहेस ना, बघू, म्हणून त्याने पेटती विडी तिच्या मनगटावर दाबली. विडी विझेपर्यंत ती घंटेकडे बघत उभी राहिली. मग त्याने गळ्यातली डबी उघडायला लावली. आत लिंग होतं. लिंगायतांत मुलींनाही जन्मल्यावर लिंग बांधतात, ते तिचंच होतं. "वेष खोटा व्हता, गळ्यातलं खरं व्हतं," अक्का म्हणाल्या. "त्यानं सोडलं ते खऱ्याला बघून." आणि मला मनगट दाखवलं. मसुराच्या दाण्याएवढा गुळगुळीत डाग होता.

मी वहीत सगळं लिहून घेतलं. माझी लेखणी थांबत नव्हती. अर्जाला दोन साक्षीदार लागत. सासरे वारले होते, कासार गाव सोडून गेला होता. हदगावच्या पुढे नदीजवळच्या एका गावात बसवंत नावाचा तरुण तिच्याकडून काडतुसं घ्यायचा, एवढं त्यांनी सांगितलं होतं. तो मारला गेला, तालुक्याच्या हुतात्मा स्तंभावर त्याचं नाव आहे, घरी आई आणि धाकटा भाऊ आहेत. पुढचं काही त्या बोलल्या नाहीत. बूट झटकून उठल्या आणि म्हणाल्या, "अर्ज राहू द्या, बाई. मला न्हाई पाहिजे ते."

मला हा विनय वाटला. मी त्यांना न विचारता बसवंताच्या आईला पत्र लिहिलं. स्वच्छ अक्षरात, समासासकट. तुमच्या घरी येणारे मौनी स्वामी ही खरोखर एक स्त्री होती, आज ती फार अडचणीत आहे, आपण एवढी साक्ष द्यावी. खाली माझं नाव आणि पदवी.

पंधरा दिवसांनी मी हे अक्कांना मोठ्या आनंदाने सांगितलं. त्या विहिरीच्या कठड्यावर बसल्या होत्या. मी अनेक माणसं रागावलेली पाहिली आहेत, पण चेहऱ्यावरून रक्त उतरून जातं ते तेव्हा पाहिलं. मग त्यांनी उरलेली गोष्ट सांगितली, माझ्याकडे न बघता.

पोलीस ॲक्शनच्या आदल्या श्रावणात त्या बसवंताच्या दारात सकाळी गेल्या. आईने पीठ घातलं, बसवंताने झोळी धरायच्या निमित्ताने काडतुसं काढून घेतली. नदीला पूर होता, पलीकडे जाता येईना, म्हणून त्या गावच्या मठात थांबल्या. दुपारी झोळी रिकामी करताना एक पुडकं तळाशी राहिलेलं दिसलं. ते मठात ठेवणं धोक्याचं होतं. दिवस कलताना त्या पुन्हा त्याच दारात गेल्या.

"खरा जंगम एका दारात दिवसातनं दोनदा उभा राहत न्हाई, बाई. एकदा भिक्षा घेतली की ते दार त्या दिवशी संपलं. हे मला लहानपणापासनं म्हाईत व्हतं. तरी गेले."

पारावर बसलेल्या कुणीतरी ते पाहिलं आणि खबर दिली. दुसऱ्या दिवशी उजाडताना निजामाच्या बाजूची हत्यारबंद टोळी आली आणि बसवंताला त्याच्याच दारात गोळी घातली. तो बावीस वर्षांचा होता. टोळी गेल्यावर गावाने घाईघाईने मातीची तयारी केली. आमच्याकडे लिंगायतांत प्रेताला बसवून पुरतात, आणि त्याआधी जंगम त्याच्या मस्तकावर पाय ठेवतो. त्याशिवाय त्याला पुढची वाट मिळत नाही असं मानतात. गावचे स्वामी पुराच्या पलीकडे अडकले होते. मग लोकांना मठातल्या मौनी स्वामींची आठवण झाली. चार माणसं बोलवायला आली.

ती पळून जाऊ शकली असती. मी जंगम नाही असं सांगू शकली असती, पण सांगायचं तर तोंड उघडावं लागलं असतं आणि मग गावावर आणखी गोळ्या आल्या असत्या. ती गेली. बसवंताच्या आईने पितळी परातीत तिचे पाय धुतले आणि ते पाणी तीर्थ म्हणून घेतलं. "लई येळ धूत बसली ती," अक्का म्हणाल्या. मग भिंतीला टेकवून बसवलेल्या बसवंतापुढे ती गेली, आणि ज्याला आपण मारलं त्याच्या डोक्यावर तिने पाय ठेवला.

"त्या माउलीला वाटून राहिलंय की तिच्या पोराचं सगळं रीतीनं झालं. तेवढंच तिच्याजवळ हाय. आता तुमचं पत्र तिला सांगल की पाय ठिवणारी बाई व्हती. जंगम न्हाई, कुणी न्हाई." मग पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमी लई शिकलात, बाई. इचारायचं तेवढं शिकला न्हाईत."

त्या घरात कुणी जिवंत असेपर्यंत यातलं अक्षर बोलायचं नाही, असा शब्द त्यांनी त्या कठड्यावर माझ्याकडून घेतला. वही मी त्यांच्यासमोर चुलीत घातली. पत्राचं उत्तर आलं नाही. मार्चमध्ये अक्कांना काढलं. त्या औशाच्या रस्त्यावर खडी फोडायला गेल्या, आणि मी सुट्टीच्या दिवशी भाकरी घेऊन गेले की दुरूनच त्या ओळखू येत. धुळीने माखलेल्या शेकडो अनवाणी पायांमध्ये एक जोडी बूट. आता ते पांढरे नव्हते. भाकरी घेत, पण माझ्याशी बोलत नसत. असे आठ महिने गेले. पाऊस झाला, मुली परत आल्या, सगळ्या नाही, आणि शाळेने अक्कांनाही परत बोलावलं. पुन्हा हंगामी. पहिल्या दिवशी घंटा देऊन त्या माझ्या वर्गाच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "बाई, घड्याळ मागं हाय." त्यानंतर आम्ही पुन्हा बोलायला लागलो. पत्राचा विषय दोघींनीही काढला नाही.

दहा वर्षं गेली. माझं लग्न झालं, तुमच्या बाबांचा जन्म झाला. लातूरचा वेगळा जिल्हा झाला. गावात पताका लागल्या, सभा झाल्या, उस्मानाबादेहून ट्रक भरभरून कागद आले. नवीन पाट्या रंगवाव्या तितक्या कमी पडत होत्या. त्याच धामधुमीत शाळेच्या पत्त्यावर माझ्या नावाचं एक पोस्टकार्ड आलं. बसवंताचा धाकटा भाऊ मन्मथ याने लिहिलं होतं. आई शेवटची आहे. तुम्हाला ठाऊक असलेल्या मौनी स्वामींना घेऊन या म्हणते. लवकर यावे.

मी कार्ड अक्कांच्या हातात दिलं. त्यांना अक्षरओळख होती. त्यांनी ते दोनदा वाचलं. "स्वामी लिवलंय," एवढंच म्हणाल्या. घरी जाऊन पेटीतून ती पोकळ मुठीची घंटा घेऊन आल्या.

लातूरहून नांदेड, नांदेडहून हदगाव, आणि पुढे बैलगाडी. फाट्यावर मन्मथ गाडी घेऊन उभे होते. चाळिशीचा थकलेला माणूस, अंगात धुवट सदरा. हात जोडून शरणार्थ म्हणाले आणि आमच्या मागे बघू लागले. "स्वामी कुठं हायत?"

अक्कांनी पिशवीतून घंटा काढली. "स्वामी गेले, दादा. मी त्यांच्या घरची. जाताना ही तुमच्या आईकडं पोचवा म्हणले." मन्मथांनी घंटेला डोकं लावलं. म्हणाले, दादाची माती झाली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, ही घंटा मला आठवते. तेव्हा मला कळलं की त्यांना काहीच माहीत नाही.

म्हातारी कोपऱ्यात वाकळेवर होती, हाडांची नुसती मोळी. अक्कांना पाहिल्यावर तिने मन्मथांना बेलाची पानं आणायला पाठवलं. ते उंबऱ्याबाहेर गेल्यावर मला म्हणाली, परात आणा, पाणी आणा. मग अक्कांना म्हणाली, "बूट काढ."

अक्का खाली बसल्या. नाड्या सुटेनात. मी सोडायला वाकले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. अकरा वर्षांत मी पहिल्यांदा त्यांचे पाय पाहिले. बायकांचे साधे पाय होते, सावलीत राहून पांढुरके पडलेले. मी परात धरली. म्हातारीने कुशीवर वळून एक हात पाण्यात घातला आणि तिचा अंगठा अक्कांच्या अंगठ्याशेजारच्या बोटावर थांबला.

"हितं जोडव्याचा वळ व्हता," ती म्हणाली. "सगळा वेष केलास. पाय राहिले. जंगमाचे तर पायच बघत्यात लोक."

"तवाच कळलं व्हतं?"

"त्याच्या आदी. तू दोनदा आलीस तवाच. मी कुणाला बोलले न्हाई. दुसऱ्या कुणी बघितलं."

"माझ्यामुळं झालं," अक्का म्हणाल्या.

"हाव. तुझ्यामुळं झालं."

बाहेर मन्मथ बेलाच्या झाडाशी कुणाशी तरी बोलत होते, तो आवाज ऐकू येत होता. अक्कांनी विचारलं, मग पाय का ठेवू दिलात? म्हातारी दम घेत घेत बोलली. गावचा स्वामी नदीपलीकडे, पोरगं तसंच मातीत घालायचं का? आणि पाय धुताना वळ दिसला, तेव्हा वाटलं, हीसुद्धा कुणाची तरी बायको होती. थरथर कापत होती, पण पळून गेली नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली की तुमचं पत्र आलं होतं, शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेतलं आणि चुलीत घातलं. मास्तरांची पुढे बदली झाली. मन्मथला कळू दिलं नाही. त्याच्या भावाचं सगळं रीतीने झालं असं त्याला वाटतं, तसंच राहू दे.

म्हणजे चोवीस वर्षं आणि पुढची दहा, दोघी एकच गोष्ट एकमेकींपासून जपत होत्या.

"माफ केलं असं म्हननार न्हाई मी," म्हातारी म्हणाली. "ते माझ्याच्यानं झालं न्हाई. पण त्याच्या डोक्याला जो पाय लागला त्यो मला लागू दे. मेल्यावर स्वामी येतील, ठिवतील, त्यांचा मान त्यांला. मला ह्यो आत्ता पाहिजे. पोरगं यायच्या आत."

अक्का उभ्या राहिल्या. एका हाताने त्यांनी भिंत धरली, दुसऱ्या हाताने गळ्यातली डबी. उजवा ओला पाय उचलून त्यांनी म्हातारीच्या मस्तकावर ठेवला. भार दिला नाही. म्हातारीने डोळे मिटले. किती वेळ गेला ते मी घड्याळात बघितलं नाही. मग म्हातारीने परातीकडे बोट केलं आणि मी ओंजळीतलं पाणी तिच्या ओठांना लावलं. मन्मथ पानं घेऊन आत आले तेव्हा अक्का कोपऱ्यात बसून बुटांच्या नाड्या बांधत होत्या.

घंटा त्यांनी म्हातारीच्या उशाशी ठेवली. म्हातारीने ती परत त्यांच्याकडे सरकवली. "तुझीच हाय," म्हणाली. मन्मथांना वाटलं, आई भ्रमात बोलते आहे.

फाट्यावर बसची वाट बघताना अक्का म्हणाल्या, "बाई, तुमी पत्र लिवलं ते वंगाळच केलं." थोड्या वेळाने, "पण लिवलं नसतं तर..." आणि बस आली. ते वाक्य त्यांनी पुढे कधी पुरं केलं नाही, आणि मीही विचारलं नाही. तेवढं मी शिकले होते. पाचव्या दिवशी म्हातारी गेल्याचं कार्ड आलं.

मला वाटलं होतं, आता अक्का बूट सोडतील. सोडले नाहीत. मी नवीन जिल्ह्याच्या कचेरीतून सन्मानपत्राचा नवीन छापील अर्ज आणला होता, यावेळी आधी विचारून. त्यांनी तो हातात घेतला, कागद चांगला आहे म्हणाल्या, आणि खडूच्या डब्याखाली घातला. "साक्षीदार गेली, बाई." फरक पडला तो एकच. त्या वर्षीच्या निरोप समारंभात एक मुलगी, लहानपणी दुष्काळात आईबरोबर खडीवर राहिलेली म्हणून तिला सगळे खडी म्हणत, अक्कांपुढे वाकली. अक्का स्टुलावर बसल्या होत्या. पाय जमिनीवर होते. त्यांनी ते मागे घेतले नाहीत. मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग लगेच उठून घंटा द्यायला गेल्या. वेळ झालेली होती.

त्यानंतर अकरा वर्षांनी अक्का वारल्या. हंगामीच वारल्या. आंघोळ घालताना बूट मी काढले. जोडव्याच्या जागी बोट किंचित बारीक होतं. माहीत नसलेल्याला दिसलं नसतं. त्यांना बसवलं, विभूती लावली, लिंग डाव्या तळहातात ठेवलं. स्वामी आले. त्यांनी रीतीप्रमाणे मस्तकावर पाय ठेवला. मी त्यांच्या पायांकडे पाहत राहिले. ते एका म्हाताऱ्या माणसाचे भेगाळलेले पाय होते, त्यांच्यात काही वेगळं नव्हतं.

मन्मथ गेल्या महिन्यात गेले. त्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही. मूलबाळ नव्हतं. शब्द संपला, म्हणून मी हे लिहिलं.

मैत्रेयी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे. हदगावच्या स्तंभावर बसवंताचं नाव आहे, वरून सहावं. अक्कांचं नाव कुठेही नाही. शाळेतला रुळाचा तुकडा आंब्यासकट रस्त्यात गेला. घंटा माझ्याकडे आहे. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, डाव्या बाजूला, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली. मूठ डावीकडे फिरवली की उघडते. आत काही नाही. वाजते मात्र अजून.